लाकडाचा कस कोणी पाहावा?

इ. स. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. त्या प्रकारचा तो हिंदुस्थानातील पहिला बाजार होय, ही गोष्ट वाशीम जिल्ह्यातील शाळकरी मुलासही तोंडपाठ असावयास पाहिजे. तशी ती नसते, हा भाग निराळा. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांकरिता स्वतंत्र कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांस चांगला कापूस बिनतक्रार मिळावा, हा त्यामागील राज्यकर्त्यांचा हेतू होता आणि तो हेतू आमच्या शेतकऱ्याच्या कल्याणाचा नव्हता, हे उघडच आहे. तथापि परक्याने आपल्या सोयीकरिता लाविलेल्या झाडाचीही सावली वाटसरूस मिळते. बाजाराची जागा ठरलेली असावी, मापे खरी असावीत, दलाल व मापाडी कोणाच्या तरी देखरेखीखाली असावेत, एवढाच काय तो त्या नियमांचा मतलब. परंतु तेवढ्याने देखील रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याच्या विद्येस पहिला शह बसला. ज्या भूमीत हे घडले, त्याच भूमीत आज शेतकरी व गृहस्थ एक मोठी खरेदी डोळे मिटून करीत आहेत, तिच्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. ती खरेदी म्हणजे घरच्या लाकडाची.

कारंजा, वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कोणत्याही गावच्या आवारात शेतकरी सोयाबीन घेऊन आला म्हणजे काय होते ते वाचकांस ठाऊक आहे. मूठभर दाणे यंत्रात टाकले जातात, काचेवर आकडा उमटतो आणि त्या आकड्यापुढे शेतकऱ्याचे काहीएक चालत नाही. हमीभावाच्या खरेदीस ओलाव्याची मर्यादा शेकडा १२ ची. २०२४ च्या हंगामात पावसामुळे माल ओला राहिला, सर्वत्र ओरड झाली, तेव्हा केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ पर्यंत नेली. एका आकड्याकरिता दिल्लीचे दरबार हालवावे लागले! आम्ही यंत्रास नावे ठेवीत नाही. मोजमाप हे न्यायाचे पहिले साधन आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हाच शेतकरी सोयाबीनचे पैसे गाठीस बांधून लाकडाच्या वखारीत गेला म्हणजे तेथे यंत्र नाही, आकडा नाही, लेखी वर्णन नाही. तेथे वखारवाला सांगतो, सोबतचा सुतार मान डोलावितो, आणि घेणारा अंगठ्याचे नख फळीवर दाबून आपल्या मनाचे समाधान करून घेतो. शेतकरी विकतो तेव्हा शास्त्र त्याच्या विरुद्ध उभे, आणि तो विकत घेतो तेव्हा शास्त्र रजेवर! ही विषमता आम्हांस असह्य वाटते.

लाकूड ही काही रोज घ्यावयाची वस्तू नव्हे. चौकटी, दारे, देवघर, पलंग ही माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करतो. त्यामुळे अनुभवाने शहाणे होण्याची संधीच त्यास मिळत नाही. जुनी धाब्याची घरे मोडली म्हणजे त्यांतून साठ-सत्तर वर्षांचे मयाल निघतात आणि ते नव्या घरास पुन्हा चालतात. उलट नव्या घराची चौकट दुसऱ्या पावसाळ्यात फुगते, तिसऱ्या उन्हाळ्यात तडकते, आणि मग दोष सुताराच्या कपाळी येतो. पुष्कळ प्रसंगी सुतार निर्दोष असतो, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करितो.

आमच्या जिल्ह्यात विकण्याजोगे जंगल थोडे. सोहोळचे काळविटांचे अभयारण्य व अकोल्याच्या सरहद्दीवरील काटेपूर्णेचे रान ही जपण्याची ठिकाणे आहेत, तोडण्याची नव्हेत. अर्थात् येथे विकला जाणारा बहुतेक साग बाहेरचा. परतवाड्याच्या आगारातून मेळघाटचा माल निघतो, यवतमाळकडून येतो, चंद्रपूर-बल्लारपूरकडून येतो. बल्लारपूरच्या सागवानाने २०२३ साली अयोध्येच्या मंदिराची वाट धरिली आणि त्या नावास आणखी तेज चढले. याशिवाय एक चौथी वाट आहे, तिचे नाव वखारीत सहसा कोणी मोठ्याने घेत नाही. आफ्रिकेतील घाना, नायजेरिया आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतील एक्वादोर, पनामा इत्यादी देशांत लावणी करून वाढविलेला साग जहाजांनी कच्छच्या कांडला बंदरात उतरतो, गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरला जातो, आणि तेथून देशभर पसरतो. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यानंतर या मालाचे महत्त्व वाढले. ह्या व्यापारात गैर काही नाही. परदेशचा लागवडीचा सागही सागच. परंतु घाटातल्या ऐंशी वर्षांच्या झाडाचा गाभा आणि पंधरा-वीस वर्षांत भराभर वाढलेल्या झाडाची फळी ह्या दोहोंस 'सागवान' हा एकच शब्द लावून, पहिलीचा भाव दुसरीस घेतला जातो, तेव्हा व्यापार संपून दुसरेच काही तरी सुरू होते. मौज अशी की विकणाऱ्याने अक्षरशः खोटे असे काहीच सांगितलेले नसते!

सरकार या सर्व प्रकरणी काय करिते? सरकारजवळ हातोडा आहे. साग तोडावयाचा झाला, मग तो आपल्या स्वतःच्या बांधावरचा का असेना, तर १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याखाली परवानगी पाहिजे. हलवावयाचा झाला तर १९२७ च्या वन अधिनियमाखालील नियमांप्रमाणे वाहतुकीचा परवाना पाहिजे. ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का पाहिजे. तो शिक्का कोणी बनावट उठविला अथवा खोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. डिसेंबर १९२३ नव्हे, डिसेंबर २०२३ पासून सबंध देशास चालणारा परवाना संगणकावरही मिळू लागला आहे. शतक बदलले, परंतु प्रश्न तोच राहिला. हे लाकूड कोणाचे, कोठून आले, कोठे चालले, एवढेच हातोडा विचारतो. हे लाकूड कसे आहे, हे तो विचारीत नाही. आणि याचे कारण इतिहासात आहे. ज्या सत्तेने हा हातोडा आमच्या रानात आणिला, तिला आपली जहाजे व आपल्या लोहमार्गाचे स्लीपर यांची काळजी होती. रयतेच्या चौकटीची नव्हती. स्वराज्य येऊन पाऊणशे वर्षे लोटली. आता तरी हातोड्याच्या जोडीस दुसरे एखादे साधन येण्यास हरकत नसावी.

मापाचे म्हणाल तर ते बरे आहे. ओंडक्याचा घेर चार फूट व लांबी दहा फूट असली म्हणजे चौथाई घेराच्या रूढ पद्धतीने तो दहा घनफूट भरतो. भूमितीने पाहिले तर त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आतबाहेर लाकूड असते. पण हे घेणाऱ्यास व देणाऱ्यास दोघांसही ठाऊक असल्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही. सरकारी आगारात घेर, लांबी, सरळपणा, गाठी, पोकळी इतके पाहून प्रतही लावितात. परंतु ती प्रत ओंडक्याची. ओंडका आरागिरणीत चिरला गेला की प्रतीचा कागद फायलीत राहतो आणि फळी अनामिक होऊन वखारीत उभी राहते. प्रश्न खरोखर त्या फळीचा आहे.

लाकडाचा कठीणपणा मोजण्याची शास्त्रीय रीत शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे. ऑस्ट्रियातील गाब्रिएल यांका नावाच्या संशोधकाने १९०६ साली ती बसविली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात बरोबर निम्मी रुतवावयाची आणि त्यास किती जोर लागला ते पाहावयाचे. व्यास असा विचित्र का, तर त्या गोळीच्या मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर भरते. वाळलेल्या सागास या कसोटीत सुमारे ४५० ते ५०० किलोंचा भार लागतो. योगायोग असा की त्याच १९०६ साली डेहराडूनची वन संशोधन संस्था स्थापन झाली. त्या संस्थेत हिंदुस्थानातील शेकडो जातींच्या लाकडांची ताकद, वजन, आकुंचन, कठीणपणा ही सर्व तपासली गेली. आणि महाराष्ट्रीय वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या कामात व्ही. डी. लिमये यांचे नाव अग्रभागी आहे. सागास १०० धरून बाकीच्या लाकडांचे गुण त्याच्या प्रमाणात सांगावयाचे, ही सोपी व देशी मोजपट्टी लिमये यांनी आपल्या प्रबंधांत वापरली. न्यूटन व पौंड यांच्या भानगडीत न पडता सुताराने, कंत्राटदाराने वा वखारवाल्याने एका दृष्टीत समजावे, असे ते कोष्टक आहे. आमच्या जिल्ह्यातील किती आरागिरण्यांत ते भिंतीवर टांगलेले आहे? लोकांच्या पैशाने मिळविलेले ज्ञान लोकांच्या वखारीपर्यंत पोहोचू नये, याहून मोठी उधळपट्टी आम्हांस माहीत नाही.

आता कोणी म्हणेल की, डेहराडूनचे यंत्र मालेगावच्या नाहीतर मानोऱ्याच्या वखारीत कसे आणावे? आणावयाचे कारणच नाही. प्रत्यक्ष जागेवर करावयाच्या कसोट्या निराळ्या असतात, आणि त्यांतील पहिल्या आपल्या सुतारांच्या हातात पूर्वीपासून आहेतच. कुऱ्हाडीच्या उलट बाजूने ओंडक्यास ठोका द्यावा. निरोगी लाकूड खणखणते, पोकळ वा सडके बद्द वाजते. टोकाकडची बाजू रंधून पाहावी. गाभा व बाहेरचे पांढरे लाकूड तेथे स्पष्ट दिसतात. एक लहान तुकडा चौरस कापून वजन करावे. सुका साग एक लिटर आकाराचा तुकडा घेतल्यास साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, बाभूळ आठशेच्या घरात जाते, आणि अंजनाचे लाकूड तर पाण्यात बुडते. या कसोट्या उत्तम आहेत आणि गावच्या म्हाताऱ्या सुताराकडून तरुण पोरांनी त्या अवश्य शिकून घ्याव्यात. मात्र नखाची कसोटी म्हणून जी मिरविली जाते, तिच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. सावर, आंबा असल्या मऊ लाकडावर नख उमटते, ते ठीक. पण सागापासून पुढे सर्वत्र नखच हरते. चांगला साग कोणता व मध्यम कोणता, हे नखास कळत नाही. ते कळते असे जो म्हणतो, तो नखाने नव्हे तर विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवितो.

परदेशांत यावर उपाय निघाले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले पिलोडिन नावाचे हातात मावणारे एक यंत्र आहे. त्यात स्प्रिंग ताणून ठेवलेली असते. घोडा सोडला की अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी पिन नेहमी त्याच जोराने लाकडात शिरते आणि ती किती मिलिमीटर शिरली ते बाजूच्या पट्टीवर दिसते. जास्त शिरली तर लाकूड मऊ, कमी शिरली तर कठीण. इतका सरळ हिशेब. जर्मनीतील दुसऱ्या एका यंत्रात बारीक सुई गरगर फिरत लाकडात जाते व तिला किती अडथळा झाला त्याचा आलेख उमटतो. जुन्या तुळईच्या पोटात कीड आहे की काय, हे त्याने फोडल्याशिवाय समजते. ही यंत्रे महाग आहेत आणि प्रत्येक वखारवाल्याने ती घ्यावीत असे आम्ही सुचवीत नाही.

परंतु जे तत्त्व पिलोडिनमध्ये आहे, ते गावच्या लोहाराच्या दुकानातही उभे करता येईल. दर वेळी सारखाच ठोका आणि त्या ठोक्याची खूण मोजणे, एवढेच ते तत्त्व. एक मीटर लांबीची सरळ नळी उभी धरावी. तिच्या तळाशी रंधून साफ केलेली फळी, फळीवर पांढरा कागद, त्यावर उलटा कार्बन कागद. वरून एक इंच व्यासाची बेअरिंगची गोळी सोडावी. कागदावर जो गोल ठसा उमटेल, त्याचा व्यास भिंगाखाली व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. शेजारीच खात्रीच्या, नीट वाळलेल्या सागाचा एक तुकडा 'शंभरचा तुकडा' म्हणून ठेवावा, त्यावर तीच गोळी तितक्याच उंचीवरून सोडावी, आणि दोन ठसे ताडून पाहावेत. डेहराडूनचीच रीत ही, फक्त आकारात आखूड केलेली.

येथे सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली अशी की, हा ठसा काही मिलिमीटरांचाच असतो, आणि गणित असे आहे की दोन लाकडांच्या कठीणपणात पाचव्या हिश्शाचा फरक असला तरी ठशाच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. म्हणून एका फळीवर निरनिराळ्या जागी निदान दहा ठसे घ्यावेत, गाठी टाळाव्यात आणि सरासरी काढावी. एका ठोक्यावर निकाल सांगणारा परीक्षक अडाणी तरी समजावा नाहीतर लबाड तरी. दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि ती फार महत्त्वाची आहे. लाकडातील ओलावा तिसाच्या आत आला की तेथून पुढे दर एक टक्का वाळण्याबरोबर लाकूड सुमारे दोन-अडीच टक्क्यांनी कठीण होत जाते. म्हणजे तीच फळी पंचवीस टक्के ओली असताना तपासली तर बारा टक्क्यांवर ती जितकी कठीण भरली असती, त्याच्या सुमारे चौथ्या हिश्शाने कमी भरेल. ओलावा न लिहिता सांगितलेला कठीणपणा हा तारीख न घातलेल्या हुंडीसारखा आहे. दोन सुया टोचून विजेच्या अडथळ्यावरून ओलावा दाखविणारे छोटे यंत्र आता कोठेही थोड्या पैशांत मिळते. सोयाबीनच्या दाण्यास लावलेला न्याय फळीसही लावावा, म्हणून जे आम्ही आरंभी म्हटले, ते अलंकारिक नव्हते. अक्षरशः तेच यंत्र, थोड्या निराळ्या रूपाने, येथे लागते.

आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कठीण तेच चांगले, असे मुळीच नाही. बाभूळ सागाहून कठीण आहे. म्हणून तर गाडीच्या चाकाचा तुंबा व आऊत-अवजारे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची झाली. धावडा त्याहून चिवट. तरीही दाराची चौकट बाभळीची कोणी करीत नाही, कारण सागाची खरी कीर्ती कठीणपणात नसून तो फारसा फुगत वा आकसत नाही आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी गाभ्यास सहसा लागत नाही, यांत आहे. पांढरे लाकूड गोळीखाली गाभ्याइतके टणक वाटेल, आणि वाळवी मात्र त्याचाच आधी फडशा पाडील. तेव्हा गोळी, ओलावा, वजन व टोकाकडून डोळ्यांनी केलेली पाहणी ही चारही एकत्र लागतात. एकट्या कठीणपणाच्या आकड्यावर भाव बांधू पाहणारा वखारवाला उद्या बाभूळच सागाच्या भावाने विकू लागेल!

आमच्या व्यापारी बंधूंपैकी काहीजण हे वाचून म्हणतील की संपादकांस कायदा समजतो, लाकूड समजत नाही. फळीवर दहा खळगे पाडले तर ती घेणार कोण? उत्तर सोपे आहे. खळगे फळीवर पाडावयाचे नसून त्याच ओंडक्याच्या कापलेल्या टोकाकडील तुकड्यावर पाडावयाचे. आरागिरणीत असे तुकडे जळणात जातात. दुसरा आक्षेप असा की, असल्या तपासणीने व्यापाऱ्यावर अविश्वास दाखविला जातो. आम्हांस उलट वाटते. ज्याने सरकारी लिलावात चढ्या भावाने जुना साग घेतला, दोन उन्हाळे तो छपराखाली वाळत ठेविला, त्यात पैसे अडकवून ठेविले, त्या सचोटीच्या वखारवाल्यास आज कोणते बक्षीस मिळते? शेजारचा मनुष्य पंधरा दिवसांपूर्वी चिरलेला ओला माल पॉलिशचा हात मारून थोडा उतरत्या भावाने देतो, आणि गिऱ्हाईक तिकडे जाते. खोटे नाणे चालू झाले की खरे नाणे पेटीत लपते. कसोटी नसल्याचा सर्वांत मोठा तोटा प्रामाणिक व्यापाऱ्यास होतो, हे व्यापाऱ्यांच्या संघांनीच ओळखून पुढे यावयास पाहिजे. सराफकट्ट्यावर काय झाले ते पाहा. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांस हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा धंदा बुडाल्याची हाकाटी झाली. धंदा बुडाला नाही.

बांधावर साग लाविलेल्या शेतकऱ्याचाही येथे संबंध येतो, आणि तो केवळ गिऱ्हाईक म्हणून नव्हे. पंधरा-वीस वर्षे सांभाळलेली झाडे तो विकावयास निघतो, तेव्हा 'हे कोवळे सागवान, यात दम नाही' असे एक वाक्य त्यास ऐकविले जाते आणि भाव पडतो. गंमत अशी की, तोच माल पुढे वखारीत उभा राहिला म्हणजे म्हातारा होतो. वस्तुतः केरळातील वन संशोधन संस्थेत लागवडीच्या सागावर जे अभ्यास झाले, त्यांत भराभर वाढलेल्या, वीस-एकवीस वर्षांच्या सागाचे वजन व ताकद ही जुन्या झाडांच्या मानाने फार कमी पडत नाहीत, असे आढळले. उणेपणा मुख्यतः गाभ्याच्या प्रमाणात असतो. म्हणजे झाडागणिक निवाडा झाला पाहिजे, वयाच्या नावाखाली सरसकट नव्हे. काळी कसदार जमीन, मुरमाड जमीन, पाण्याजवळचा बांध, दूरचा बांध यांवर वाढलेली झाडे सारखी कशी असतील? शेतकऱ्याच्या हाती दहा ठशांचा एक कागद असेल तर निदान बोलणी समान पातळीवर होतील. इसवी सनाच्या १९९० नंतरच्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, वीस वर्षांत लक्षाधीश व्हा, म्हणून ज्या कंपन्या गावोगाव फिरल्या आणि ज्यांच्यामुळे १९९९ साली सेबीस सामूहिक गुंतवणुकीचे नियम करावे लागले, त्यांनी शहरातील मध्यम वर्गास जो चटका दिला तो अजून पुष्कळांच्या स्मरणात आहे. तेथेही फसवणूक झाली ती झाडाची नव्हे, झाडाविषयीच्या शब्दाची.

आता कायद्याकडे वळतो. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यात वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे, ही अट गर्भित मानली आहे. त्या मालाचा धंदाच करणाऱ्याकडून तो वर्णनावरून घेतला, तर तो बाजारात खपण्याजोगा असला पाहिजे, हीही अट गर्भित आहे. मात्र तिला एक शेपूट जोडलेले आहे: घेणाऱ्याने माल पाहून घेतला असेल तर पाहताना जो दोष दिसावयास हवा होता, त्याबद्दल त्यास पुढे कुरकुर करता येत नाही. म्हणजे नख दाबून 'ठीक आहे' म्हणणारा गृहस्थ आपल्या हाताने आपला दावा दुबळा करून बसतो! आणि वर्णन म्हणाल तर पावतीवर असते काय? 'सागवान, इतके घनफूट, इतके रुपये', अथवा तेवढेही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगास मालाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार आहे, तो उत्तम आहे; परंतु प्रयोगशाळा ओलावा व कठीणपणा मोजून आकडा देईल तो ताडून पाहावयाचा कशाशी? कबूल काय केले होते हेच लिहिलेले नसेल तर आयोगाने ताडावे तरी काय? असला दावा अंगठ्याच्या नखावर न्यायालयात उभा राहत नाही.

म्हणून आमची सूचना कायदा नवा करण्याची नाही. बाजार समितीस लाकडाचे नियमन करण्याचा अधिकार पोहोचतो की नाही, हा वादही आम्ही येथे उकरून काढीत नाही. तिने आवारात एक टेबल व एक खोली दिली तरी पुरे. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम व जोडारीकाम शिकणारी मुले आहेत. नळी, गोळी, भिंग व कॅलिपर ही त्यांच्या रोजच्या ओळखीची सामग्री. शंभरचा तुकडा वन खात्याच्या आगारातून खात्रीचा म्हणून घ्यावा, आणि तो बारा टक्क्यांपर्यंत वाळवून खूण करून ठेवावा. वर्षातून एकदा त्याची फेरतपासणी डेहराडूनला अथवा बंगळूरच्या लाकूड विज्ञान संस्थेत करून घ्यावी. प्रारंभ कारंजापासून व्हावा. १८८६ चा मान ज्या गावाचा, त्याच गावाने हे पाऊल टाकावे यात औचित्य आहे. तपासणी सक्तीची नको. ज्या वखारवाल्यास पाहिजे त्याने आपल्या मालाचे तुकडे पाठवावे, ज्या गिऱ्हाइकास पाहिजे त्याने आणावे, आणि थोडी फी द्यावी.

गिऱ्हाइकाने मात्र त्या टेबलाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तुळशीचे लग्न लागले की आमच्याकडे बांधकामे व लग्नाचे पलंग-कपाटे यांची घाई सुरू होते. त्या वेळी वखारीत जाणाऱ्याने पावतीवर चार शब्द अधिक लिहून मागावे: लाकडाची जात व ठिकाण, ते गाभ्याचे की पांढऱ्यासह, चिरल्याचा महिना, आणि देण्याच्या दिवशीचा ओलावा. वखारवाल्याने लिहून दिले तर ते १९३० च्या कायद्याखाली वर्णन झाले, आणि त्याच्या सहीने झाले. लिहून देण्यास त्याने नकार दिला, तर शेजारच्या वखारीत जाऊन हाच प्रश्न विचारावा.